रेवतीताईंची रिकामी घरं

"तिला दिसतं सगळं. पण ती बोलत नाही. अशा पोरीला त्या खुर्चीत बसवून काय करायचं, सांगा की."

मी पँट्रीच्या दाराशी रिकामा मग घेऊन उभी होते. आत रेवतीताई आमच्या मॅनेजरशी, गोह यांच्याशी, बोलत होत्या. बोलत होत्या इंग्रजीतच. पण त्यांच्या इंग्रजीत कऱ्हाडचा हेल आणि सिंगापूरचा 'लाह' दोन्ही असायचे, आणि माझ्या कानात ते आपोआप मराठीतच उतरायचं.

"मग जेरोम?" गोहनी विचारलं.

"जेरोम कॅन. जेरोम चुकेल, पण मोठ्यानं चुकेल. मोठ्यानं चुकलेलं दुरुस्त करता येतं."

मी रिकामा मग तसाच घेऊन जागेवर परत आले. 'तिला' म्हणजे मला, यात शंका नव्हती. आमच्या टीममध्ये न बोलणारी मी एकटीच होते.

ती खुर्ची म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये आहे आणि आम्ही अमेरिकेतली घरं सांभाळतो. आमच्यापैकी कोणीही ती घरं पाहिलेली नाहीत. तिकडे माणूस बँकेचं कर्ज काढून घर घेतो आणि त्या कर्जाला सरकारचा विमा असतो. हप्ते थांबले आणि माणूस घर सोडून गेला, तर सरकार बँकेला विम्याचे पैसे देतं, पण एका अटीवर. घर सरकारच्या ताब्यात जाईपर्यंत बँकेनं ते नीट राखलेलं असलं पाहिजे. कुलूप बदललेलं, गवत कापलेलं, फुटक्या खिडकीला फळी ठोकलेली. थंडीच्या आधी नळांतलं सगळं पाणी काढून टाकलेलं, नाहीतर ते गोठतं आणि पाइप फुटतात. तिकडचे कंत्राटदार ही कामं करतात आणि फोटो पाठवतात. त्यांचा दिवस संपतो तेव्हा आमची सकाळ होते, आणि आम्ही ते फोटो बघत बसतो.

या सगळ्या नियमांच्या वर एक नियम आहे. घरात कोणी राहत असेल तर त्याच्या कडीलाही हात लावायचा नाही. त्यामुळे रोज सकाळच्या मीटिंगमध्ये एकाच प्रश्नावर सगळं अडतं, घर रिकामं आहे की नाही? त्याचं शेवटचं उत्तर देणारी एक खुर्ची असते. तिच्यावर रेवती जगदाळे बसायच्या.

मला त्यांचा हेवा वाटायचा. दुसरा सौम्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. माझं शिक्षण पुण्यात इंग्रजी माध्यमात झालं, माझे उच्चार स्वच्छ आहेत, मी ई-मेल लिहिली तर गोह तीत स्वल्पविरामही बदलत नाहीत. आणि तरीही मीटिंगमध्ये माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. वाक्य मनात पूर्ण तयार व्हायचं, मी ते एकदा तपासायची, पुन्हा तपासायची, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. रेवतीताई मात्र वाक्य सुरू करताना ते कुठे संपणार याची पर्वा करायच्या नाहीत. क्रियापद सापडलं नाही तर हात हलवायच्या, आणि सगळ्यांना कळायचं.

त्या ठेंगण्या होत्या, कायम कॉटनचा कुर्ता घालायच्या आणि टेबलाखाली बूट काढून बसायच्या. मोठा निर्णय असला की उठून स्क्रीनपाशी जायच्या, अनवाणीच, आणि फोटोच्या इतक्या जवळ नाक न्यायच्या की मागच्यांना काही दिसायचं नाही. घरांचे नंबर त्यांना पाठ नसत. त्या घरांना नावं ठेवायच्या. 'पिवळ्या दाराची', 'ओहायोची थोरली', 'ती जावेवर रुसलेली', कारण तिच्या शेजारचं घर अगदी तसंच पण नवं रंगवलेलं होतं. जेरोम फिलिपिन्सचा, त्याला मराठीचा गंध नाही, पण तोसुद्धा "रुसलेलीचं छप्पर गळतंय" असं सांगायला शिकला होता.

नव्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी स्वतःची चूक सांगायच्या. मलाही सांगितली होती.

"मी नवीन होते तेव्हा एक घर रिकामं म्हणून टाकलं. कुलूप बदललं. म्हातारी हॉस्पिटलात होती गं. परत आली, तर तिची किल्ली लागेना. पिशवी घेऊन पायरीवर बसली बिचारी. शेजाऱ्यानं फोन केला म्हणून कळलं. लगेच उघडून दिलं, पण बसली ना ती पायरीवर? आपल्या घराबाहेर? ते कोण परत घेणार? म्हणून सांगते, रिकामं घर वेगळं आणि गप्प घर वेगळं. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, दर वेळी, आणि ते खरं असायचं. मी मात्र त्या पहिल्या दिवशी मनात म्हटलं होतं, या बाईंचं चुकतं आणि त्यामुळे त्या लोकांना जास्तच आवडतात. माझं चुकू नये म्हणून मी एवढी जपते आणि लोकांना माझं नावही नीट आठवत नाही. गोह मला पहिले सहा महिने शर्मिला म्हणायचे. माझं नाव शर्वरी आहे. मी त्यांना ते सांगितलं नाही, रेवतीताईंनी सांगितलं.

त्यांचा कुत्र्याचा किस्सा ऑफिसात अजून सांगतात. एक कंत्राटदार गवत कापल्याचे फोटो पाठवायचा, आधीचा आणि नंतरचा, सगळं नियमानुसार. आम्ही तिघांनी ते मंजूर केले होते. रेवतीताईंनी एक फोटो मोठा केला. कोपऱ्यात कुंपणापाशी एक तपकिरी कुत्रा झोपला होता.

"हा कुत्रा मागच्या आठवड्यात इंडियानात होता," त्या म्हणाल्या.

शोधलं तर तोच कुत्रा, तीच झोप, तेच कुंपण, तीन राज्यांत. रेवतीताईंनी त्याच संध्याकाळी त्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. "मिस्टर," त्या म्हणाल्या, "माझा नवरा जहाजावर इंजिनियर आहे. तुमचा कुत्रा त्याच्यापेक्षा जास्त फिरतोय. त्याला एकदा घरी जाऊ द्या ना." पलीकडून चक्क हसू आलं. त्या माणसानं माफी मागून सगळी गवतं खरोखर कापून दिली. वर दिवाळीच्या सुमारास, त्याला दिवाळी माहीतही नसताना, त्या कुत्र्याचा एक फोटो पाठवला. रेवतीताईंनी तो डेस्कवर लावला.

मी त्या रात्री खोलीवर जाऊन ते फोटो परत आठवले. कुत्रा मलाही दिसला होता. मी त्याला बघून 'गोड आहे' असं मनात म्हटलंही होतं. पुढचं पाऊल त्यांनी टाकलं आणि मी टाकलं नाही, एवढाच फरक. पण तेवढा फरक फार असतो.

खोली म्हणजे भाड्याची खोली. घरमालकीण चांगली आहे, पण स्वयंपाकाची परवानगी नाही, फक्त केटल. रेवतीताईंचा फ्लॅट सिमेईला होता. नवरा वर्षातले बरेच महिने समुद्रावर, मूलबाळ नाही, आणि तरी त्या दाराबाहेर कायम तीन-चार जोड चपला असायच्या. शनिवारी कोण ना कोण जेवायला असायचंच. एका एप्रिलमध्ये त्या कऱ्हाडला गेल्या तेव्हा किल्ली माझ्याकडे दिली.

"दर दोन दिवसांनी ये. नळ सोड, फ्लश कर, नाहीतर पाइप कोरडे पडून झुरळं येतात. तुळशीला पाणी. आणि दारातल्या चपला बदलत जा. कपाटात माझे आणि ह्यांचे जुने जोड आहेत. आज हे, परवा ते."

"चपला कशाला?"

"अगं, रोज त्याच चपला त्याच जागी दिसल्या की घर रिकामं आहे हे सगळ्या मजल्याला कळतं. तू कुठं काम करतीस, माझी आई?"

मी गेले. नळ सोडले, तुळशीला पाणी घातलं, त्यांच्या नवऱ्याचे भलेमोठे सँडल दारात तिरके ठेवले, कोणीतरी घाईत काढल्यासारखे. मग सोफ्यावर बसले. फ्रिजवर लोकांच्या मुलांचे फोटो होते. डब्यात लाडू होते आणि चिठ्ठी, 'शर्वरी, खा.' मी एक खाल्ला आणि तो चांगला होता याचाही मला राग आला.

बाहेर पडताना शेजारच्या आंटीनं जाळीचं दार उघडलं. "रेवतीची बहीण का तू? ती नाही तर कॉरिडॉर किती गप्प वाटतो बघ."

मी मान हलवली. बहीण नाही, हेही सांगितलं नाही. लिफ्टमध्ये एकच विचार होता. मी महिनाभर गेले तर माझ्या खोलीबाहेरच्या चपला कोण बदलेल? आणि न बदलल्या तरी कोणाला फरक कळेल?

माझी आईसुद्धा त्यांनी पळवली होती. एकदा व्हिडिओ कॉलवर ओळख झाली, आणि त्यानंतर आईचा पहिला प्रश्न "रेवती काय म्हणते?" असा यायला लागला. एकदा तर आई म्हणाली, "थोडं तिच्यासारखं बोलायला शीक गं. किती मोकळी आहे." मी म्हटलं, "हो." तेवढंच. फोन ठेवल्यावर माझ्या मनात उत्तरादाखल एक संपूर्ण, मुद्देसूद भाषण तयार झालं. ते अजून माझ्याकडेच आहे.

आता पुलाउ उबीन, सिंगापूरजवळचं एक छोटं बेट. टीमची सहल होती. बंबोटीनं, म्हणजे छोट्या लाकडी मोटारबोटीनं, पलीकडे गेलो, भाड्यानं सायकली घेतल्या. रेवतीताईंनी ओढणी कमरेला बांधली आणि शाळेत जाणाऱ्या मुलीसारख्या सुसाट निघाल्या. कऱ्हाडला त्या रोज सायकलनं शाळेत जायच्या म्हणे. मी मागे. एका वळणावर सगळे थांबलेले दिसले. जुनं लाकडी घर होतं, कांपाँगच्या, म्हणजे जुन्या मलय खेड्यांच्या, दिवसांतलं. खिडक्या बंद, पत्रा गंजलेला, अंगणात गुडघाभर गवत.

"बोला," रेवतीताई म्हणाल्या. "रिकामं की भरलेलं?"

"व्हेकंट," जेरोम लगेच म्हणाला. "लाह," असंही जोडलं, त्यांना चिडवायला.

मी गवताकडे बघत होते. मागच्या बाजूनं एक बारीक रेघ येत होती. तिथली पाती मोडलेली नव्हती, नुसती एका अंगावर झोपली होती. रेघ सरळ नव्हती, एका फणसाला वळसा घालून विहिरीकडे जात होती. मला वाटलं, हे सगळ्यांनाच दिसत असणार. मग वाटलं, कदाचित एखाद्या कुत्र्याची वाट असेल. मग वाटलं, असू दे.

"ते बघा," रेवतीताईंनी बोट दाखवलं, अगदी त्या रेघेवर. "जनावर सरळ जातं. माणूस रोज त्याच झाडाला वळसा घालतो. कोणीतरी आहे."

त्या हे बोलत असतानाच घरामागून एक म्हातारे गृहस्थ बादली घेऊन आले. आमची पलटण बघून आधी दचकले, मग हसले. रेवतीताई त्यांच्याशी हातवाऱ्यांनी काय बोलल्या कोण जाणे, पण परत निघालो तेव्हा त्यांच्या सायकलच्या टोपलीत एक फणस होता. बंबोटीत तो मांडीवर घेऊन त्या माझ्या शेजारी बसल्या.

"तुला दिसली होती ना ती वाट?"

मी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

मी पाण्याकडे बघितलं. त्यांनी नुसता एक उसासा टाकला आणि फणसावर थोपटल्यासारखं केलं. पँट्रीतलं ते वाक्य बहुतेक त्याच दिवशी तयार झालं असावं.

त्यांच्या नवऱ्याला कोचीला किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि त्यांचं जायचं ठरलं. "आता त्या माणसाबरोबर रोज राहायची सवय करावी लागणार," त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. खुर्ची जेरोमला जाणार हे अजून जाहीर नव्हतं, पण मला माहीत होतं. मला ती हवी होती. इतकी हवी होती की मी आरशासमोर मीटिंगचा सराव करायची, कुजबुजत, भिंतीपलीकडे घरमालकिणीला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि जिला मी ती मागू शकले असते तीच व्यक्ती मला नाकारून मोकळी झाली होती, तेही मला ऐकू येईल अशा आवाजात. हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं.

त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी टेबलावर हिरवा पांदान केक होता, वर त्यांचं नाव. आधी केक खाऊ, काम नंतर, असं गोह म्हणाले. रेवतीताई म्हणाल्या, दोन्ही एकदमच. "माझ्यामागं एकही घर लटकत ठेवायचं नाही." मग त्या एकेक घर पडद्यावर घेत गेल्या. पिवळ्या दाराची, ओहायोची थोरली, रुसलेली. प्रत्येकीचा निकाल दिला की लोक टाळ्या वाजवत होते. त्या हसत होत्या, मध्येच रुमालानं डोळे पुसत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या स्क्रीनपाशी नाक न नेता, टेबलापासूनच बघत होत्या.

शेवटचं घर मिशिगनमधलं होतं, छोटं, पांढरं. पुढच्या दारावर इन्स्पेक्टरनं मागच्या खेपेला चिकटवलेली सूचना अजून तशीच होती. म्हणजे दार उघडलेलं नव्हतं. पडदे ओढलेले, गवत वाढलेलं.

"व्हेकंट," जेरोम म्हणाला.

"हो, व्हेकंट," रेवतीताई म्हणाल्या. "थंडी तोंडावर आहे. आजच्या आज ऑर्डर जाऊ दे. कुलूप बदला, नळांतलं पाणी काढा." आणि फोटो पुढे सरकवत राहिल्या. डावी बाजू. उजवी बाजू. मागचं अंगण.

मागचं अंगण पडद्यावर क्षणभरच राहिलं. गवतात एक बारीक रेघ होती. मागच्या पायरीपासून निघालेली, एका झाडाला वळसा घालून फांदीला टांगलेल्या पाखरांच्या दाण्याच्या नळीपर्यंत गेलेली. आणि ती नळी काठोकाठ भरलेली होती.

पुढचा फोटो आला. छत.

रेवतीताई चुकत होत्या. सगळ्यांसमोर, केकवर त्यांचं नाव असताना, त्या चुकत होत्या आणि ते फक्त मला दिसलं होतं. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती, ते तेव्हा मला कळलं, आणि त्यामुळेच मी घाबरले. ती रेघ खरंच होती, की मला ती असायला हवी होती? मी माझ्या लॅपटॉपवर फोटो उघडला, मोठा केला. रेघ होती. पाती एका अंगावर झोपलेली. कंत्राटदार कोपऱ्यावर उभा राहून फोटो काढतो आणि जातो. तो पाखरांना दाणे घालत नाही.

मी वाक्य तयार केलं. तपासलं. उद्या गोहना ई-मेल करता येईल, असा विचार आला. स्वल्पविरामांसकट. पण ऑर्डर आज जाणार होती. उद्या कोणीतरी दाण्याचा डबा हातात घेऊन मागच्या दारानं बाहेर पडणार होतं, पाखरांना घालणार होतं आणि परत वळणार होतं. मला ती पायरी दिसली. मी कधी न पाहिलेल्या त्या म्हातारीची पिशवीही दिसली.

"थांबा," मी म्हणाले. इतकं हळू, की शेजारच्या जेरोमनं मला पाणी हवंय असं समजून बाटली पुढे केली.

रेवतीताईंचा हात माउसवर गेला होता. मला त्या आजही तशाच आठवतात. एक पाय बुटाबाहेर, ओढणीवर केकचा हिरवा चुरा, डोळे ओले, आणि माझा आवाज ऐकून अर्धवट वळलेल्या.

"काय गं?" त्या म्हणाल्या. "मोठ्यानं बोल की."

मी उठले. खुर्ची मागे आपटली आणि सगळ्या टेबलानं माझ्याकडे बघितलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, पण त्या क्षणी त्यातला एकही शब्द हाताला लागला नाही. जे आलं ते मराठीत आलं, त्या खोलीत एकट्या त्यांनाच कळेल असं, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल एवढं मोठ्यानं.

"रेवतीताई, कुलूप बदलू नका. त्या घरात कोणीतरी राहतंय."